तोंडात सहा बोल्ट

पुली खेचून काढायच्या पुलरचा एक पाय निसटला, पुलर तिरका झाला, आणि गाडीखाली उताण्या पडलेल्या लुजैनच्या डाव्या हाताची बोटं तो पाय आणि चॅसी यांच्यामध्ये सापडली.

"उंऽऽ!" ती ओरडली. तोंडात सहा बोल्ट होते, चाकामागच्या पत्र्याचे. गाडीतून निघालेली वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, खिशात नाहीतर तोंडात, हे बाबांनीच शिकवलेलं.

इंजिनाच्या क्रँकची पुली दोन दिवस हटून बसली होती. मधला मोठा बोल्ट काल कसाबसा निघाला, पण गंजलेली पुली शाफ्टला सोडायला तयार नव्हती. आता पुलरचा स्क्रू दोन आटे उलटा फिरवला की बोटं सुटणार होती. पाना बाबांच्या हातात होता. ते चाकाच्या जागेपाशी उकिडवे बसले होते.

नेमका तेव्हाच गॅरेजच्या दारातून आवाज आला, "अस्सलामु अलैकुम, अबू लुजैन!"

अबू लुजैन, म्हणजे लुजैनचे वडील; हाक ऐकताच बाबा ताडकन उठले. पाना मागच्या खिशात गेला. घराघरांतली भांडणं मिटवणारे हाजी मिफलेह आले आणि माणूस बसून राहिला, असं अख्ख्या झरका शहरात कधी झालं नव्हतं.

"झाली का माझी गाडी?"

"पुली अडून बसलीय, हाजी. उद्या होईल."

"अडणारच. माझी गाडी आहे!" हाजी हसले. "आणि हे पाय कुणाचे?"

"लुजैनचे. कॉलेजला सुट्टी आहे ना. ऑटोमोबाइलचं दुसरं वर्ष."

"अजून किती शिकवणार? पोरीला काय विमानं दुरुस्त करायचीत?"

बाबांनी थर्मासमधून कॉफी ओतली. गाडीखालून लुजैनला फक्त बूट दिसत होते. बाबांचे फाटके, हाजींचे चकचकीत. शेजारच्या स्टुलावर कप टेकल्याचा आवाज आला. घोट घेतल्याचा आवाज आलाच नाही.

न पिता ठेवलेला कप म्हणजे मागणं. 'हो' ऐकल्याशिवाय पाहुणा तो ओठाला लावत नाही. आणि हाजींची कॉफी आजवर कुणी गार होऊ दिली नव्हती. एकमेकांवर सुरे काढलेली घरंसुद्धा त्या भरल्या कपापुढं नमली होती.

"माझा पुतण्या रकान," हाजी म्हणाले, "तुझ्या डोळ्यांदेखत वाढलेला पोरगा. तुझ्या लुजैनचा हात मागतोय. लग्न याच उन्हाळ्यात. कॉलेजबिलेज पुरे झालं. रीतसर दहा माणसं घेऊन येईनच, पण तुझ्यामाझ्यात शब्द आज होऊ दे."

हात! हात तर इथं अडकला होता. बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती. तिनं उजव्या हातानं पुलर ढकलून पाहिला. हलेना. असू दे. बाबा आहेत. बाबा आत्ता बोलतील. वर्गात एकटी मुलगी नको म्हणणाऱ्या प्रिन्सिपॉलशी भांडले होते ते बाबाच. आत्ता बोलतील.

फाटका बूट फरशीवर नुसता घासला गेला.

"बोल की," हाजी म्हणाले.

"हाजी, तुमचा शब्द म्हणजे..." बाबा अडखळले. "पण एकदा मुलीला विचारायला..."

"मग विचारू या. ही काय समोरच आहे." बूट करकरले, हाजी वाकले असावेत. "लुजैन बेटी, ऐकलंस ना? तुझं काय म्हणणं?"

"उं!" लुजैन म्हणाली. "उंऽ उं!"

हाजी मोठ्यांदा हसले. "लाजली! अरे, मुलीचं गप्प राहणं हाच तिचा होकार. आपल्या आज्यापणज्यांपासून हेच चालत आलंय. चल अबू लुजैन, हात वर कर. फातिहा वाचू."

फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना, एकत्र वाचली की शब्द दिला गेला. मग तो परत घेता येत नाही.

चकचकीत बूट एकमेकांशेजारी जुळले. फाटक्या बुटांनी क्षणभर वाट पाहिली. मग तेही जुळले.

लुजैननं बोल्ट थुंकले. फरशीवर टणटण करत ते चहूकडे उडाले, एक थेट हाजींच्या बुटावर आपटला.

"नाही." आवाज पत्र्यात घुमला, तिला वाटलं होतं त्याहून मोठा. "मी लाजले नाही. माझ्या तोंडात बोल्ट होते. नाही म्हणतेय मी."

चकचकीत बुटानं तो बोल्ट बाजूला सारला.

"मी तुला विचारतोय, अबू लुजैन," हाजी म्हणाले. त्यांच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "गाडीखालून कोण काय बोलतं, ते मला ऐकू येत नाही."

बाबा खाली बसले, आडवे झाले आणि सरकत आत आले. तिची बोटं पाहून त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी पाना लावला. एक आटा. दोन. हात सुटला. बोटांवर पांढरे वळ उठले होते. रक्त परत येऊ लागलं तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतका वेळ गप्प का राहिलीस गं?" बाबा कुजबुजले.

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

बाबांनी डोळे मिटून घेतले. वर पुली होती, तश्शीच. बाहेर बूट होते.

"हाजी," बाबा पडल्यापडल्याच म्हणाले, "गाडी उद्या संध्याकाळी घेऊन जा. त्याहून जास्त काही इथून मिळायचं नाही."

बूट हलले नाहीत. स्टुलावर हाजींची कॉफी गार होत होती. बापलेक दोघंही गाडीखालीच पडून राहिली.