बाहेर जाण्याची नोंद

"पर्यवेक्षिका. आत."

दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेले यंत्र शांत, बायकी आवाजात बोलले आणि पर्यवेक्षिकेने काचेवरचा अंगठा उचलला. सकाळचे अकरा वाजत होते.

"बोलतंय की अजून," दार उघडणारी बाई हसली. "मला वाटलं, मुकं झालं."

"त्याची काही चूक नाही हो. नऊ दिवसांपूर्वी सकाळी नऊला 'सेविका, आत' अशी नोंद आहे. त्यानंतर 'बाहेर' नाहीच. कार्यालयात आम्ही काय समजायचं?"

"मी इथंच राहते, मॅडम. पेशंटला एकटं टाकून कुठं जाऊ?"

या उत्तरावर बोट ठेवायला जागा नव्हती. पर्यवेक्षिकेला ते आवडलेही. हा भाग तिच्याकडे गेल्याच आठवड्यात आला होता; घर नवे, माणसे नवी. ओळख होती ती कागदाची: लाभार्थी, वय सत्तावन्न, इस्पितळातून निवृत्त झालेली मेट्रन, मागेपुढे कोणी नाही. मेंदूच्या आजाराने स्थळकाळाचे भान सुटते, प्रकृतीने धडधाकट. दिवसा सेविका येते. या मेट्रनबाईंना घरीच ठेवायचे की संस्थेत हलवायचे, ते आजच्या अहवालावर ठरणार होते.

पर्यवेक्षिकेचे मत पक्के होते. संस्थेत माणूस जगत नाही, मोजला जातो, असे ती परवाच्याच सभेत तासभर भांडली होती. "घराचं दार बंद झालं की आत काय चालतं, हे तुम्हाला कसं कळणार?" असे एका सभासदाने विचारले, तेव्हा ती ताडकन म्हणाली होती, "मी जाऊन बघते म्हणून कळतं."

आणि बघण्यासारखे होतेच. फरशी लख्ख. औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. आतल्या खोलीत दोन खाटा. दोन्हींच्या चादरी अशा ताणलेल्या की टिचकी मारली तर वाजाव्यात. एका खाटेवर गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेली स्त्री, डोळे अर्धवट मिटलेले.

"चादरीचे कोपरे काय सुरेख मोडलेत!"

"सगळं आयुष्य त्यातच गेलं," बाई म्हणाली. "तुमची नखं वाढलीत, मॅडम. पेशंटला हात लावण्याआधी कापत जा."

पर्यवेक्षिका ओशाळली. मेट्रनच्या हाताखाली राहून सेविकेलाही मेट्रनचा वारा लागला म्हणायचा! तिने विषय बदलला. "फाइलीत धडधाकट लिहिलंय. या तर अंथरुणाला खिळल्यात."

"ऐकतच नव्हती. सारखी दाराकडे धावायची. गोळ्या सुरू केल्या, तेव्हापासून शांत आहे."

"गोळ्या डॉक्टरांनीच दिलेल्या ना?"

बाईने चिठ्ठी पुढे केली. नाव मेट्रनबाईंचे, सही डॉक्टरांची, गोळ्या त्याच. पर्यवेक्षिकेने एकेक अक्षर ताडून पाहिले. कागदाच्या बाबतीत तिला कोणी हातोहात फसवू शकत नसे.

ती खाटेशी वाकली. "कशा आहात, बाई?"

ओठ हलले. "मी... ती नाही."

"असं सगळेच म्हणतात," मागून बाई म्हणाली.

ते खरेच होते. मी आजारी नाही, मी ती नव्हे, हे घर माझे नव्हे, असे सांगणारे निदान डझनभर लोक पर्यवेक्षिकेला आजवर भेटले होते. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, हे तिने कित्येक सेविकांना स्वतः शिकवले होते.

"मला घरी... जाऊ द्या."

संस्थेची धास्ती किती खोलवर बसलेली असते! "घरीच आहात तुम्ही," ती मऊ आवाजात म्हणाली. "आणि इथून तुम्हाला कोणी हलवणार नाही. शब्द देते."

खाटेवरचे डोळे एकदम विस्फारले आणि त्यांतून पाणी वाहू लागले. आनंदानेच, असे पर्यवेक्षिकेला वाटले. पांघरूण पायथ्याशी जरासे सरकले होते. टाचांना खोल भेगा होत्या. जन्मभर उभे राहून केलेल्या कामाची ही खूण. तिने पांघरूण नीट केले आणि तिथेच, फोनवर, अहवाल पाठवून दिला: 'सेवा उत्तम. घरीच ठेवावे. पुढील भेट सहा महिन्यांनी.'

"ही दुसरी खाट तुमची?"

"नाही हो. एक खाट नेहमी तयार ठेवायची असते. कोण कधी येईल, सांगता येतं का?"

"वा! तुमच्यासारखी माणसं असल्यावर संस्था हव्यात कशाला?" पर्यवेक्षिका मनापासून हसली. "एकच राहिलं. भेट पुरी व्हायला लाभार्थीचा अंगठा लागतो. दोघींचेही ठसे यंत्रात आहेत, तेव्हा मिनिटाचं काम."

"घ्या की," बाई म्हणाली आणि यंत्र आणायला स्वतःच बाहेर गेली. दाराची कडी सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ वरच्या खिटीचा. भर दिवसाही किती सावध, असे पर्यवेक्षिकेच्या मनात येऊन गेले.

यंत्र हाती आले. तिने पांघरुणाखालचा निर्जीव हात अलगद बाहेर काढला, अंगठा रुमालाने पुसला आणि काचेवर टेकवला.

"सेविका. बाहेर," यंत्र शांतपणे म्हणाले. "कामाचे एकूण तास, दोनशे अठरा."