डोलकाठीपाशी फोटो

जुन्या गलबतासारखं हुबेहूब बांधलेलं ते शिडाचं जहाज संध्याकाळी बंदरातून निघालं, तेव्हा सहलीला आलेले शाळेचे शिक्षक रंगात आले होते. नव्या मुख्याध्यापिकाबाई तेवढ्या एकट्या कठड्याशी उभ्या होत्या. वर्ष होत आलं, तरी त्यांच्याशी कामापलीकडे कुणी बोलत नसे.

म्हणून पीटीचे सर "बाई, तुम्हाला कैद करून एक फोटो काढू या," म्हणाले, तेव्हा त्या चटकन तयार झाल्या. सरांनी त्यांचे हात मागे नेऊन डोलकाठीला दोरीने बांधले. सगळे पोट धरून हसले. फोटो निघाला आणि मंडळी चहाकडे वळली.

"अहो सर, गाठ सोडा की!"

"कसली गाठ?" सरांनी हातातली दोरी दाखवली. "केव्हाच सोडली."

बाईंनी हिसका दिला. मनगटं जागची हलली नाहीत.

"मला कुणीतरी धरलंय!"

"इथेही यांचंच ऐकायचं," एक शिक्षिका नाक मुरडून म्हणाली, आणि सगळे पाठ फिरवून खाली गेले.

बाईंनी मान वळवून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. तेवढ्यात मनगटांवरची पकड सैल झाली. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्या हात पुढे आणू लागल्या, आणि ती पकड पुन्हा बसली. या वेळी कोपरांच्या वर.