गरम पाण्याची पिशवी

सून अंतराळात जाणार म्हणून सासूबाई गल्लीभर मिरवत होत्या. पण परतल्यावर मूल होईलच याची खात्री नाही, हे सांगायला सुनेची जीभ रेटेना. म्हणून तिने त्यांना विद्यापीठात अंतराळवीरांच्या आरोग्यावर बोलणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या व्याख्यानाला आणलं. डॉक्टरबाईच परस्पर सांगतील. बाईंनी सांगितलंही: अंतराळातल्या किरणोत्साराने स्त्रीबीजांवर परिणाम होऊ शकतो, किती ते अजून कुणालाच ठाऊक नाही. सासूबाईंनी माइक मागितला. सुनेने त्यांचा पदर ओढला. “बाई, नातवंडांचं पुढचं पुढे बघू. पण पाळीत हिचं पोट फार दुखतं. वर गरम पाण्याची पिशवी नेऊ देतात का?” सभागृह हसलं. “गोळ्या घेऊन पाळी थांबवता येते, आजी,” बाई म्हणाल्या. “अगंबाई! मग बिनघोर जा गं,” सासूबाई सुनेला म्हणाल्या. माइक चालूच होता. “आणि यापुढे मनातलं घरीच बोलत जा. इथल्या खुर्चीने माझी कंबर मोडली.”