गेरूची खूण

शिवकन्याचा चेंडू उंच गेला, वाऱ्याने डावीकडे कलला आणि तळ्याच्या काठच्या गवतात, लाल खुंट्यांच्या आत दिसेनासा झाला.

शेवटचं होल होतं. शिवकन्या आणि अर्पिता, दोघींचे फटके अगदी बरोबरीत चालले होते आणि अर्पिताचा चेंडू तर झेंड्याजवळ जाऊन बसलाही होता. जिंकेल तिला वर्षभर पुण्यात गोल्फचं शिक्षण, राहणं-खाणं क्लबकडून. जागा एकच.

"धुळाजी, तुम्ही काठावर होता. काय दिसलं?" पंच सर्जेराव सरांनी विचारलं.

धुळाजी मैदानाचं गवत राखायचा. शिवकन्या त्याचीच लेक.

"दिसलं न्हाई, सर. पण डुबुक असा आवाज आल्ता. पाण्यात गेल्यावानी वाटलं." हे लेकीच्या विरोधात जात होतं, पण त्याला खोटं जमत नसे.

सर निवृत्त मास्तर. नियम सांगायला मिळाला की त्यांचा चेहरा खुलायचा. "पाण्यात गेला असेल तर एक फटका दंड. खुंट्यांची हद्द जिथे ओलांडली, तिथून दोन काठ्यांच्या अंतरात, झेंड्याच्या जवळ न सरकता, गुडघ्याएवढ्या उंचीवरून दुसरा चेंडू सोडायचा. पण काठावर कोरड्यात सापडला तर दंड नाही. आहे तिथून मार. तीन मिनिटं आहेत. शोधा."

एक फटका दंड म्हणजे पुणं गेलं. शिवकन्या गवतात शिरली. अर्पिताही दुसऱ्या बाजूने शोधायला लागली.

"ताई, तुम्ही कशाला? चिखल हाय," धुळाजी म्हणाला.

"असू द्या, काका," ती खाली वाकत म्हणाली.

अर्पिता मालकांची मुलगी. सोमेश्वररावांचा बियाण्यांचा मोठा धंदा. जालन्याबाहेरच्या त्यांच्या पडीक रानात आधी नुसतं शेततळं होतं, मैदान नंतर आलं. त्या तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून सहा वर्षांची अर्पिता घसरून पाण्यात पडली, तेव्हा धुळाजी शेजारी मेंढ्या चारत होता. पोहता त्याला येत नव्हतं. त्याने घोंगडी फेकली, पोरीने ती धरली आणि त्याने तिला वर ओढलं. सोमेश्वररावांनी त्याला कामावर ठेवलं ते तेव्हापासून. या नोकरीचे उपकार धुळाजी दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचा. घोंगडीचा विषय निघाला की मात्र लाजून उठून जायचा.

"एक मिनिट झालं," सर म्हणाले.

क्लबने दोघींना एकाच डब्यातले चेंडू दिले होते. ओळख पटावी म्हणून अर्पिताने आपल्या चेंडूंवर निळ्या पेनाने ठिपका काढला, एक तेवढा कोराच खिशात राहिला. धुळाजीने लेकीच्या चेंडूंवर काल घरची खूण केली होती. मेंढ्यांवर करायचा तशीच, तेलात कालवलेल्या गेरूत अंगठा बुडवून. मेंढ्या कातरताना त्या अंगठ्यावर कात्री बसली होती. त्यामुळे त्याच्या प्रत्येक ठशात मधून आडवी पांढरी रेघ राहायची. उरलेला गेरू त्याने आज सकाळी तळ्याच्या खुंट्यांना फासला, कारण लाल रंग संपला होता. आभाळ असल्यामुळे तो अजून वाळला नव्हता.

"दोन मिनिटं."

धुळाजीने डोळे मिटून बिरोबाचं नाव घेतलं.

"सापडला!" शेवटच्या खुंटीपाशी बसलेली अर्पिता ओरडली. "कोरड्यात आहे!"

सर लगबगीने गेले. "शिवकन्या, तुझाच का बघ."

तिने वाकून पाहिलं. "माझाच, सर. गेरू हाय की!"

फटका सुरेख बसला. चेंडू घरंगळत झेंड्यापाशी थांबला. पुढच्या फटक्याला तो खड्ड्यात गेला. अर्पिताला झेंड्याजवळूनही तीन फटके लागले. एका फटक्याने शिवकन्या जिंकली.

 आपले कान म्हातारे झाले याचा इतका आनंद धुळाजीला कधी झाला नव्हता. त्याने अर्पितापुढे हात जोडले.

"ताई, तुमी शोधला म्हून माझ्या पोरीचं भलं झालं. हे उपकार कदी फिटायचे न्हाईत."

"काका, तुम्ही नका ना असं बोलू," अर्पिता म्हणाली. तिने उजवा हात खिशात घातला होता. हरली होती, पण चेहऱ्यावर नाराजी दिसत नव्हती. सोमेश्वररावांनी तिच्या पाठीवर थाप मारली, शिवकन्याला पेढा भरवला आणि दोघे गाडीकडे निघाले.

"बाबा, हा घ्या." शिवकन्याने जिंकलेला चेंडू बापाच्या हातात दिला. "बिरोबाम्होरं ठिवा. मी आईला सांगून येते." आणि ती पळत सुटली.

धुळाजीने चेंडू कपाळाला लावला. मग मायेने उलटसुलट करून पाहिला. गेरूचा ठसा ओलाच होता. गवताने त्याची एक कड पुसली होती, बाकीचा स्वच्छ उमटला होता. लहानसा, नाजूक, आणि मधे कुठेही रेघ नसलेला.

गाडी त्याच्या समोरून गेली. काच खाली झाली आणि अर्पिताने हात हलवला. तिचा अंगठा लाल होता.