धूर किती होता

"धूर किती होता?" चौकशी समितीच्या अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं. त्यांना इथली भाषा येत नव्हती. दुभाषी बाईंनी प्रश्न समजावून सांगितला.

समोर फोरमनची बायको बसली होती. रंगाच्या कारखान्यातल्या आगीत तिचा नवरा गेला होता.

"किती म्हणजे? स्वतःचा हात स्वतःला दिसेना, इतका. आत माणसंच माणसं आणि दाराला बाहेरून कुलूप. आम्ही हाका मारतोय, आतून दारावर थापा. मग थापा कमी कमी होत गेल्या."

दुभाषी बाई कंपनीच्याच नोकरीत होत्या. मॅनेजरसाहेबांनी सकाळी चहा पाजून त्यांना पढवलं होतं. "आकडा न देताही बोलता येतं, बाई. 'अ सर्टन अमाउंट ऑफ स्मोक' म्हणायचं. 'अ स्मॉल नंबर ऑफ वर्कर्स.' कुणी बोट ठेवणार नाही."

त्या माइककडे झुकल्या आणि तेवढंच म्हणाल्या. टायपिस्टने टाइप केलं.

फोरमनच्या बायकोला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. ती बघत राहिली. "एवढंच? मी इतकं बोलले, ते एवढ्यात मावलं?"

बाईंची कानशिलं तापली.

"नाही मावलं," त्या म्हणाल्या. मग अध्यक्षांकडे वळून त्यांनी सांगितलं, मघाचं भाषांतर चुकीचं आहे, ते खोडा. आणि पहिल्यापासून सुरुवात केली. न दिसणारा हात, कुलूप, थापा, सगळं. 'अ लार्ज नंबर ऑफ वर्कर्स' म्हणताना आवाज कापला. त्या थांबल्या आणि तेच पुन्हा ठणठणीत म्हणाल्या.

मागे बसलेले मॅनेजरसाहेब तरातरा पुढे आले. बाईंच्या कानाशी वाकून दातओठ खात म्हणाले, "उद्यापासून कंपनीचं तोंड बघायचं नाही. आणि हिला भरपाई कशी मिळते, तेही बघतो मी."

"काय म्हणतायत ते?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही सर, आमचं आपसातलं," मॅनेजरसाहेब इंग्रजीत म्हणाले आणि हसले.

बाईंनी माइक जवळ ओढला आणि दोन्ही वाक्यं शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितली.

टायपिस्टने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी होकारार्थी मान हलवली. खोलीत फक्त बोटांचा टकटकाट ऐकू येत राहिला.