प्रार्थनेतलं जातं

साहेबी चालीची गाणी म्हणजे पेंगायचं औषध. इसाक मास्तरांच्या घरी रविवारी प्रार्थनेला जमणारी मंडळी गाता गाता डुलक्या घ्यायची. शेजारची साळूबाई मात्र दळताना येशूवर स्वतःच्या ओव्या रचायची, त्या मास्तरांनी भिंतीआडून ऐकल्या होत्या. आज त्या ऐकून प्रार्थनेसाठी मंजूर करायला साताऱ्याहून चर्चचे पाळक आले आणि साळूबाईच्या तोंडून शब्द फुटेना.

"हाताला जातं लागतंय, मास्तर."

जातं मांडलं. तिनं मूठभर जोंधळे घातले, तसे पाळक कडाडले, "प्रभूच्या दिवशी काम?"

"आवं, रिकामं फिरवलं तर दगड दगडाला खातोय. आन् तुमी गाताना पेटी बडवतासा, त्ये काम न्हाई व्हय?"

ओवी सुरू झाल्यावर मात्र पहिली मान पाळकांचीच डोलली.

लढाईपायी इंजिनाला तेल मिळेना, म्हणून गावची गिरणी बंद होती. पुढल्या रविवारी मास्तरांचं घर बायकांनी ओसंडलं. कधी न फिरकलेल्यासुद्धा आल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. तेवढ्यात एकीनं डोक्यावरची जोंधळ्यांची पाटी खाली उतरवली.

"साळूआक्का, माझं बारीक दळायचं हाय. येशूच्या चार ओव्या वाढव."