डावा दिवा

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात कोल्हारच्या पुलाजवळ एका जीपने बन्सीला चिरडलं आणि तसंच लांबपर्यंत फरपटत नेलं. पाठीला कातडं उरलं नव्हतं. जीप कोणाची ते कळलंच नाही. रस्त्यावर फक्त तिच्या दिव्याच्या काचा सापडल्या.

महिन्याभराने बन्सीचा भाऊ कानिफनाथ वीतभर लाकडी जीप घेऊन गावातल्या काकासाहेबांकडे गेला. हुबेहूब छोट्या गाड्या कोरायच्या आणि रंगवायच्या, हा कानिफनाथ आणि काकासाहेब दोघांचाही नाद. पण दुसऱ्याच्या गाडीत खोट काढल्याशिवाय काकासाहेबांना चैन पडत नसे.

"तुमचीच जीप हाय बघा," कानिफनाथ म्हणाला. काकासाहेबांच्या दारात उभ्या असलेल्या जीपचे दोन्ही दिवे धड होते. लाकडी जीपचा उजवा दिवा मात्र त्याने मुद्दाम फोडून ठेवला होता.

काकासाहेबांनी ती डोळ्यांजवळ धरली, चाकं फिरवली, मडगार्डवरून अंगठा फिरवला.

"रंग लई झ्याक जमलाय. पर इथं चुकलास गड्या. उजवा न्हाई, डावा फुटला हुता."

बोलले आणि पांढरेफटक पडले. कानिफनाथने त्यांच्याच मेजावरची कोरकामाची पटाशी उचलली.

 

या वेळी तो चुकला नाही. पटाशी डाव्याच डोळ्यात गेली.